कष्ट आणि कष्टी : कळंबोलीच्या लोखंड बाजारांतील श्रमजीवी पुरुषांच्या मनःस्वास्थ्याचीं कांहीं साधनें

पनवेल तालुक्यांतील कळंबोली हें गांव इतिहासाच्या छापील साधनांत सहसा भेटत नाहीं. पनवेलचें बंदर भेटतें, तेथील गाड्यांच्या चाकांचा नांवाजलेला धंदा भेटतो, दक्षिणेस कर्नाळ्याचा किल्ला भेटतो. मधल्या भातखाचरांची व मिठागरांची दखल कोणी घेतलेली नाहीं. कळंबोलीची आज जी ख्याति आहे ती रस्त्यांची व लोखंडाची. मुंबईहून शिवेवरून येणारा, पुण्याकडे चढणारा, गोव्याकडे वळणारा आणि उरणच्या बाजूस जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा, असे मोठे रस्ते येथें एकमेकांस मिळतात. २००२ सालीं पूर्णपणें खुला झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग येथूनच निघतो. आणि सिडकोनें सुमारें तीनशें हेक्टर जमिनीवर वसविलेला लोखंड-पोलादाचा बाजारही येथेंच आहे. अशा गांवाविषयीं जुन्या कागदांच्या संग्राहकांस सांगण्यासारखें काय आहे, असें वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, या बाजारांत ओझीं उचलणारे लोक बहुतेक सगळे पुरुष आहेत, आणि कामावरच्या पुरुषाच्या मनाचा समाचार आमच्या समाजानें केव्हां व कसा घेतला, हें तपासावयाचें झाल्यास या बाजाराच्या पाठीमागें असलेल्या दीडशें वर्षांच्या कागदांकडे वळावें लागतें. ‘मनःस्वास्थ्य’ असा मथळा त्यांतील एकाही कागदावर नाहीं. रजेचा अर्ज, सुटीची मागणी, हजेरीची वही, मजुरांची नोंदणी, अशा नांवांनीं तो विषय दफ्तरांत पडून आहे.

आधीं शब्दाकडे पाहूं. मराठींत ‘कष्ट’ म्हणजे मेहनत, आणि ‘कष्टी’ म्हणजे दुःखी. कष्ट करणारा तो कष्टकरी. पण ‘तो मनांत कष्टी झाला’ असें म्हटलें म्हणजे कोणी त्याच्या हातांकडे पाहत नाहीं. ‘श्रमी’ या शब्दाचीही तीच गोष्ट. पेशवाईंतील पत्रें वाचणाऱ्यांस हा शब्द थकलेल्या माणसासाठीं व शोकानें व्याकुळ झालेल्या माणसासाठीं, असा दोन्हीं अर्थीं ओळखीचा आहे. शरीराचा शीण आणि मनाचा शीण यांस आमच्या पूर्वजांनीं निरनिराळे शब्द शोधले नाहींत, ही केवळ भाषेची गरिबी नव्हे; दोहोंचें मूळ एक आहे असा त्यांचा अनुभव त्यांत उतरला असावा, असें आम्हांस वाटतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं रोगांच्या नव्या वर्गीकरणांत, दीर्घकाळ न आवरलेल्या कामाच्या ताणामुळें येणाऱ्या थकव्यास ‘रोग’ न म्हणतां ‘कामाशीं निगडित अवस्था’ म्हणून नोंदलें. ‘श्रमी’ हा शब्द जाणणाऱ्यास त्यांत फारसें नवल वाटूं नये.

मात्र शब्द सर्वांचा असला तरी लेखणी सर्वांची नव्हती. पानिपतच्या वार्तेनें नानासाहेब पेशव्यांचें मन कसें खचलें व २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर त्यांचा अंत कसा झाला, हें लहान मुलांसही ठाऊक असतें. त्याच रणांत ज्याचा भाऊ पडला त्या बारगिराची किंवा बाजारबुणग्याची अवस्था कोणीं लिहून ठेविली? चाकरी करणाऱ्यांविषयीं जुन्या कागदांत जें येतें तें पोटाच्या द्वारें येतें. मे १६७३ मध्यें शिवछत्रपतींनीं चिपळुणाकडील हलवर्णच्या छावणींतील अंमलदारांस लिहिलेलें पत्र वाचकांच्या परिचयाचें आहे. दाणा व वैरण पावसाळ्याच्या आधींच उडविली तर पुढें घोडीं मरतील, लोक रयतेस उपद्रव देतील, असें त्यांत बजाविलें आहे. रात्रीं दिवा तसाच ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल व वैरणीस आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत तें पत्र जातें. शिपायाच्या मनाविषयीं त्यांत एक अक्षर नाहीं. तरी उद्यांची चिंता आजच वारावी हा त्याचा रोख आहे, आणि चाकरमान्याच्या मनास पोखरणारा पहिला किडा उद्यांची चिंता हाच असतो.

सामान्य पुरुषाच्या मनाची लेखी नोंद इंग्रजी अमलांत प्रथम सांपडते ती वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत, म्हणजे मन मोडून गेल्यावर. मुंबई इलाख्याच्या या अहवालांत रोग्याचा धंदा कोणता व वेड लागण्याचें कारण कोणतें, असे तक्ते येत. कारणाच्या रकान्यांत ‘गांजा’ हा शब्द इतक्या वेळां दिसतो कीं, वाचणाऱ्यास सगळा मजूरवर्ग चिलमीच्या नादीं लागला होता असें वाटावें. या रकान्यावर किती विश्वास ठेवावा याचा निकाल पुढें सरकारनेंच लाविला. १८९३-९४ च्या गांजा-भांग चौकशी मंडळानें हिंदुस्थानांतील इस्पितळांत १८९२ सालीं दाखल झालेल्या १,३४४ रोग्यांचीं प्रकरणें मुळापासून तपासलीं. गांजा-भांग हें कारण २२२ जणांच्या नांवापुढें लिहिलेलें होतें. तपासाअंतीं त्यांतील ९८ च प्रकरणांत तें टिकलें, आणि त्यांतही ३७ ठिकाणीं दुसरें कारण जोडीस होतें. रोग्यास पोहोंचविणाऱ्या पोलिसास कारण ठाऊक नसे, पण रकाना रिकामा ठेवून चालत नसे. मग जें तोंडीं येई तें लिहिलें जाई. त्या पुरुषाचें काम सुटलें होतें काय, मूल दगावलें होतें काय, सावकार दारीं बसला होता काय, हें विचारण्यास रकानाच नव्हता. जुनीं दफ्तरें हाताळणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नोंद आहे म्हणून ती माणसाविषयीं सांगते असें नाहीं. पुष्कळदां ती लिहिणाराच्या सवडीविषयीं सांगते.

आतां याच तालुक्यांतील एका चाकरमान्याकडे वळूं. कर्नाळ्याच्या पायथ्याकडे पनवेलच्या दक्षिणेस शिरढोण हें गांव आहे. तेथें ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांच्या बंडाची हकीकत प्रसिद्ध आहे. आमच्या विषयास उपयोगी ती त्यांची नोकरी. बंडाच्या आधीं अनेक वर्षें हा पुरुष पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत कारकून होता. आई अत्यवस्थ असल्याचें कळतांच त्यांनीं रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाहीं. ते शिरढोणास पोहोंचले तेव्हां आई निवर्तली होती. पुढें वर्षश्राद्धासाठीं मागितलेली रजाही नाकारली गेली. १८७९ सालीं श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या मुक्कामीं त्यांनीं आपलें वृत्त लिहून काढलें; तें व त्यांची रोजनिशी सरकारच्या हातीं लागली, खटल्यांत पुरावा म्हणून वापरली गेली, आणि १९५७ सालीं मुंबई सरकारनें स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा जो पहिला खंड छापला त्यांत हें साहित्य अभ्यासकांस उपलब्ध झालें.

फडक्यांचें बंड केवळ एका नाकारलेल्या रजेमुळें झालें, असें म्हणणें पोरकटपणाचें होईल. १८७६-७७ च्या दुष्काळांत त्यांनीं पाहिलेली उपासमार, परदेशी व्यापारानें देश कसा नागवला जातो यावरचीं न्यायमूर्ति रानड्यांचीं व्याख्यानें, हीं कारणें त्याहून मोठीं आहेत, आणि चरित्रकारांनीं त्यांस दिलेलें महत्त्व योग्य आहे. परंतु कचेरीचा प्रसंग ते निव्वळ ठिणगी म्हणून सांगून पुढें जातात, तें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. शोक करण्यासाठीं माणसास वेळ लागतो, आणि तो वेळ देणें न देणें वरिष्ठाच्या मर्जीवर असतें, हें एका मराठी कारकुनाच्या अनुभवांतून इतक्या स्पष्टपणें दाखविणारा याहून जुना कागद आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्या नोकराच्या टेबलावरचा हिशेब एक दिवसही थांबूं शकत नव्हता, त्याच्याच मागें कांहीं वर्षांनीं लष्कर धांवत होतें. जुलै १८७९ मध्यें फडके पकडले गेले. जन्मठेपेवर त्यांस एडनला धाडण्यांत आलें, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्यांचा तेथेंच अंत झाला. रजा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा ज्या कागदावर असेल तो लष्करी हिशेब खात्याच्या जुन्या बाडांत कोणास आढळल्यास त्यानें तो अवश्य प्रसिद्ध करावा.

फडके एडनला कैदेंत असतांना मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या लोकांस आठवड्याची सुटीही नव्हती. यंत्रें साफ करावयाचीं असतील त्या दिवशीं गिरणी बंद. एरवीं सूर्योदय ते सूर्यास्त काम. ही स्थिति पालटविण्यासाठीं ‘दीनबंधु’ पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सप्टेंबर १८८४ मध्यें कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळापुढें ठेविला. त्यांतील मागण्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. दर रविवारीं सुटी ही पहिली. दुपारीं अर्धा तास विसावा ही दुसरी. काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच चालावें, मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आंत व्हावा, अपघात झाल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावें, या त्यापुढच्या. पगार वाढवा अशी मागणी त्यांत नाहीं. साडेपांच हजार गरीब माणसें सही करतात आणि पैशाआधीं विसावा मागतात, ही गोष्ट आमच्या आर्थिक इतिहासकारांनीं जितकी लक्षांत घ्यावी तितकी घेतलेली नाहीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार, हें सांगणें नकोच.

येथें कायद्याच्या एका गोष्टीकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. कारखान्यांच्या १८८१ च्या कायद्यानें फक्त मुलांच्या तासांस मर्यादा घातली. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा आली व आठवड्याची सुटी सर्वांस मिळाली. प्रौढ पुरुषानें दिवसाला किती तास राबावें याची मर्यादा मात्र १९११ पर्यंत कोणीही घातली नव्हती. त्या वर्षीं कापडगिरण्यांपुरती ती आली आणि तीही बारा तासांची! मुलें कोमल, स्त्रिया नाजूक, पुरुष मात्र सोसेल तेवढें सोसणारा, असा हा हिशेब होता. पुरुषानें आपला शीण बोलून दाखवूं नये, ही समजूत घराघरांत असतेच. येथें ती तीस वर्षें सरकारी कायद्याची बैठक होऊन बसली होती.

सुटी मिळाली तरी ती घालवावयाची कोठें? मुंबईस आलेला पुरुष बहुधा एकटा असे. १९२१ च्या खानेसुमारींत त्या शहरांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरली. रत्नागिरी, सातारा, कुलाबा येथील माणसें बायकामुलें गांवीं ठेवून येत व एका गांवचे वीस-तीस जण मिळून ‘बैठकीची खोली’ घेत. पाळ्या निरनिराळ्या असल्यामुळें जागा पुरे. ज्याची त्याची वळकटी व पेटी भिंतीशीं, जेवण खाणावळवालीकडे, आणि शनिवारीं रात्रीं भजन. सोशल सर्व्हिस लीग (१९११) वगैरे संस्थांनीं वाचनालयें, रात्रशाळा काढल्या व १९५३ च्या कायद्यानंतर कामगार कल्याणाच्या सरकारी मंडळानें केंद्रें व नाट्यस्पर्धा चालविल्या, त्यांचें काम मोलाचें आहे व त्याचा इतिहास इतरांनीं लिहिलेला आहे. पण बैठकीच्या खोलीचें काम त्याआधींचें व त्याहून खोल होतें. एखाद्याचें पत्र आलें नाहीं, एखादा जेवला नाहीं, एखादा सलग चार दिवस भिंतीकडे तोंड करून निजला, हें तेथें लपत नसे. विचारणारा गांवचाच असे. त्या खोलींत एकांत नव्हता, भांडणें होतीं, दारू होती, जातीपातीचा पडदाही होता, हें सर्व खरें धरूनही आम्ही म्हणतों कीं, एकट्या पुरुषाच्या मनाची राखण करणारी महाराष्ट्रांतील सर्वांत मोठी संस्था तीच होय. तिला घटना नव्हती, म्हणून तिचा इतिहासही नाहीं.

याच खोल्यांतून माथाडी कामगार बाहेर पडला. माथ्यावर ओझें वाहणारा तो माथाडी. मशीद बंदर, दाणाबंदर येथें धान्याचीं पोतीं, कर्नाक बंदर व दारूखाना येथें लोखंड, असें त्याचें कामाचें क्षेत्र होतें. गिरणी कामगारास निदान मालक होता व भोंगा होता. माथाडीस दोन्हीं नव्हतें. व्यापारी म्हणे, आमचा संबंध मुकादमाशीं. मुकादम म्हणे, माल व्यापाऱ्याचा, आम्ही फक्त माणसें आणतों. ओझ्याखालीं पाय मोडला तर तो कोणाच्या कामावर मोडला हेंच सिद्ध होत नसे. सकाळीं नाक्यावर उभें राहावें, हांक आली तर काम, न आली तर खोलीवर परत. आणि संध्याकाळीं हातीं काय पडेल तें मुकादमाच्या मर्जीवर. माणसाचें मन मोडण्यास मोठी आपत्ति लागते असें नाहीं. रोज सकाळीं आपलें नांव कोणी घेईल कीं नाहीं, हा संशय वर्षानुवर्षें पुरतो.

पाटण तालुक्यांतील मंद्रुळकोळे येथें २५ सप्टेंबर १९३३ रोजीं जन्मलेले अण्णासाहेब पाटील हे याच ओझ्याखालून वर आले. त्यांनीं माथाडींची संघटना बांधली, आणि त्या चळवळीचें फळ म्हणजे १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम. या धर्तीचा कायदा देशांत पहिलाच. कायद्याच्या भाषेंत या लोकांस ‘असंरक्षित कामगार’ म्हटलें आहे. त्याची रचना थोडक्यांत अशी : व्यापारी व कामगार यांचे सारख्या संख्येचे प्रतिनिधि व सरकारनें नेमलेला अध्यक्ष यांचें मंडळ असतें, कामगाराची व मालकाची दोघांचीही नोंदणी त्याकडे होते, व्यापारी मजुरी व तिच्यावर ठराविक टक्क्यांनीं लेव्ही मंडळाकडे भरतो, मंडळ मजुरी वांटतें आणि लेव्हींतून भविष्यनिर्वाह निधि, रजा, बोनस, उपदान यांची तरतूद करतें. मुंबईच्या लोखंड-पोलाद बाजारासाठीं यांतील स्वतंत्र मंडळ निघालें. त्याची १९७० ची योजना हें आमच्या विषयाचें एक मूळ साधन समजावें.

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. मुंबईंतील घाऊक बाजार खाडीपलीकडे हलवावयाचे, असें तेव्हांच योजिलें होतें. त्यांत लोखंडाच्या वांट्यास कळंबोली आली. ज्या शेतांवर हा बाजार बसला त्या आगरी व इतर कुळांच्या मनाचा इतिहास निराळा व तितकाच मोठा आहे. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत जमिनीच्या भावासाठीं झालेल्या आंदोलनांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच माणसें पडलीं, एवढेंच येथें नोंदवून पुढें जातों. बाजाराबरोबर टोळ्या आल्या. टोळी म्हणजे एकत्र काम करणारा व मिळालेली मजुरी सारखी वांटून घेणारा गट. लोखंडाचें काम धान्याच्या पोत्यासारखें नव्हे. सळया, पत्रे, अँगल, गर्डर हे जिन्नस एकट्यानें उचलण्याचे नव्हेतच. दोघे पुढें, दोघे मागें, आणि पाय सगळ्यांचा एका तालावर. एकाचें लक्ष उडालें तर दुसऱ्याचीं बोटें जातात. म्हणून या धंद्यांत सोबत्याच्या मनाची विचारपूस ही केवळ माणुसकीची बाब नसून स्वतःचे हातपाय शाबूत ठेवण्याचीही आहे. रात्रीं घरीं कटकट झालेला, झोंप न झालेला, कर्जाच्या विवंचनेंत असलेला माणूस सकाळीं पुढच्या टोंकास लावूं नये, हें टोळीच्या म्होरक्यास सांगावें लागत नाहीं. आजकाल ज्यास कामाच्या जागेवरील मानसिक सुरक्षितता म्हणतात ती मोठ्या कचेऱ्यांतून शिकवावी लागते. येथें ती लोखंडाच्या वजनानें शिकविली.

नोंदणीनें काय केलें, हें समजण्यासाठीं एवढें पाहावें कीं, नोंदलेल्या माथाडीस आजारपणांतून परत आल्यावर आपल्या टोळींत आपली जागा असते. मजुरी कोणाच्या मर्जीवर नाहीं, हिशेब मंडळाकडे आहे. रजा ही मेहेरबानी नाहीं. शिरढोणच्या कारकुनास शंभर वर्षांपूर्वीं जें मिळालें नाहीं तें त्याच तालुक्यांत, लिहितां-वाचतां न येणाऱ्या हमालासही कायद्यानें मिळूं लागलें. ही योजना सर्वत्र नीट चालते असें नव्हे. लेव्ही चुकविणारे आहेत; माथाडीच्या नांवाखालीं काम न करतां वाराई उकळणारे आहेत, आणि त्यांच्यामुळें खऱ्या माथाडीची बदनामी होते. परंतु मनःस्वास्थ्याच्या दृष्टीनें मजुराच्या आयुष्यांतील अनिश्चिततेवर महाराष्ट्रानें केलेला याहून परिणामकारक उपाय आम्हांस दाखवितां येत नाहीं. त्यांत मनाचा उल्लेख एकदांही नाहीं.

ज्या पुरुषानें हा आधार उभा केला त्याचा अंत सांगणें भाग आहे. २२ मार्च १९८२ रोजीं अण्णासाहेबांनीं आरक्षण व इतर मागण्यांसाठीं मुंबईंत मोठा मोर्चा नेला. मागण्या मान्य झाल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं, २३ मार्च रोजीं, त्यांनीं स्वतःचें जीवन संपविलें. त्यांचें वय तेव्हां अठ्ठेचाळीस होतें. या मृत्यूस बलिदान म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि त्यांच्या अनुयायांच्या भावना आम्ही जाणतों. तथापि इतिहासलेखकानें तेथें थांबूं नये. हजारों माणसें ज्याच्यापाशीं आपलें ओझें उतरवीत, त्या पुरुषास आपलें ओझें उतरविण्यास जागा होती काय, दिलेला शब्द पुरा न होणें ही शरम त्याला एकट्यास वाहावी लागली काय, हे प्रश्न त्याच्या थोरवीस बाध आणीत नाहींत. उलट पुढाऱ्याचें मन पोलादाचें असतें या समजुतीमुळेंच त्याचे सोबती वेळीं सावध होत नाहींत. ते अण्णासाहेब जगले असते तर माथाडींचें अधिक कल्याण झालें असतें, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं.

हा प्रश्न एका माणसाचा राहिलेला नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालांत देशांत १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत शेंकडा सुमारें बहात्तर पुरुष, आणि शेंकडा सव्वीसांहून अधिक रोजंदारीवर पोट भरणारे. सर्व राज्यांत महाराष्ट्राचा आंकडा मोठा, २२,७४६. या अहवालांतही कारणांचा तक्ता आहे, आणि ‘कौटुंबिक अडचणी’ व ‘आजार’ हे त्यांतील सर्वांत फुगलेले रकाने आहेत. गांजाच्या रकान्याची हकीकत ज्यानें वाचली त्यास या नव्या रकान्यांकडेही थोड्या संशयानें पाहावेंसें वाटेल. काम सुटल्यामुळें घरांत अडचण आली तर ती कोणत्या घरांत लिहावयाची? कायदा मात्र पुढें आला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखालीं होता असें गृहीत धरावें व त्यास शिक्षा न करतां सरकारनें त्याच्या शुश्रूषेची सोय करावी, असें २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचें ११५ वें कलम सांगतें. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीवरील सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठींतही विनामूल्य बोलतां येतें. रात्रीं कळंबोलीच्या रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या मालट्रकाच्या चालकास, ज्याला बैठकीची खोलीही नाहीं व टोळीही नाहीं, ही सोय विशेष उपयोगी पडण्यासारखी आहे. अट एवढीच कीं, ‘आपल्याला कांहीं होत नाहीं’ हें वाक्य त्यानें आधीं गिळलें पाहिजे.

बाजाराचें रूपही पालटत आहे. जेथें आठ माणसें एका तालावर चालत तेथें आतां हायड्रा क्रेन गर्डर उचलते व दोघेजण सांखळी लावण्यापुरते लागतात. पाठी वांचल्या, बोटें वांचलीं, हें उत्तमच झालें. त्याबद्दल हळहळणाऱ्या रसिकांशीं आमचें जमणार नाहीं. पण टोळी लहान झाली म्हणजे विचारणाराही एक कमी झाला. आणि टोळीबरोबर तिचे कागद जात आहेत, हा या लेखाचा तांतडीचा भाग होय.

हे कागद कोणते? टोळीची हजेरी-वही, भिशीची वही, जींत कोणाच्या अडचणीस कोणत्या महिन्यांत रक्कम दिली तें लिहिलेलें असतें, गांवच्या मंडळाचीं पावतीपुस्तकें, भजनाच्या वह्या, गांवाहून आलेलीं आंतरदेशीय पत्रें व त्यांच्या पाठीवर केलेले हिशेब. निवृत्त माथाडी गांवीं परततांना पेटींतून हें सर्व घेऊन जातो व पुढच्या गौरी-गणपतीच्या सफाईंत तें चुलींत जातें. राजवाड्यांनीं दारोदार हिंडून जीं दफ्तरें मिळविलीं तीं सरदार-कुळकर्ण्यांच्या माळ्यांवर होतीं. हीं पाटण, जावळी, शिराळा येथील धाब्याच्या घरांत व कोपरखैरणे, कळंबोलीच्या चाळवजा इमारतींत आहेत. तीं मिळवितांना मालकाचें व त्याच्या कुटुंबाचें नांव संमतीवांचून प्रसिद्ध करूं नये, कारण त्यांत कर्ज, आजार व व्यसन यांच्या नोंदी असतात आणि ते लोक किंवा त्यांचीं मुलें हयात आहेत.

हजेरी-वही वाचण्याविषयीं एक सूचना करून लेखणी ठेवितों. तींत गैरहजेरीस ‘खाडा’ म्हणतात व त्या दिवसापुढें बहुधा फुली असते. कारण लिहिण्याची चाल नाहीं. प्रत्येक नांवापुढचे खाडे वेगळे उतरून घ्यावे. जे खाडे पेरणी, सुगी किंवा गांवची जत्रा यांवर पडतात ते बाजूस काढावे. टोळींतील पुष्कळांस एकदमच पडलेले खाडे तापसराईचे किंवा संपाचे समजावे. उरलेल्या फुल्यांची भिशीच्या वहीशीं व पत्रांवरील पोस्टाच्या शिक्क्यांशीं तारीखवार जुळणी करावी. पंधरा वर्षांत ज्याचे एकूण वीस खाडे नाहींत अशा माणसाच्या नांवापुढें एका महिन्यांत अकरा फुल्या दिसल्या तर तेथें थांबून, त्याच्या टोळींतील कोणी हयात असल्यास त्यास जाऊन विचारावें.